लाकडी मूठ, रबरी मूठ आणि त्यामागचा हात

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली, तेव्हा अनेकांनी स्पर्धेचे पिस्तूल पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले. एअर पिस्तुलाच्या स्पर्धकांकडे एक गोष्ट सहज नजरेत भरते. पिस्तुलाचा वरचा भाग घड्याळजीने घडवल्यासारखा नेटका असतो, आणि खाली मात्र फुगवटे, खोबणी, बोटांचे खळगे असलेली, कानसीने घासून खरखरीत केलेली लाकडाची मूठ असते. आता अमेरिकेतल्या शस्त्रांच्या दुकानात जाऊन .44 मॅग्नमचे दणकट रिव्हॉल्व्हर मागितले, तर त्यावर बहुधा काळी, मऊ रबरी मूठ चढवलेली मिळेल. केसाएवढ्या फरकाने पदक हुकते अशा खेळात जुने लाकूड, आणि नुसत्या ताकदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रावर आधुनिक रबर, असे का असावे?

याचे ठरीव उत्तर असे दिले जाते, की लाकूड शोभेचे आणि रबर कामाचे. हे उत्तर चुकीचे आहे, कारण ऑलिंपिकच्या नेमबाजाला शोभेचे काहीच घेणेदेणे नसते. दुसरे उत्तर असे, की रबर धक्का शोषून घेते म्हणून ते केव्हाही चांगले. तेही अर्धेच खरे आहे. खरा प्रश्न असा विचारायला हवा : गोळी सुटताना हातावर किती जोर येतो, तो हाताच्या नेमक्या कोणत्या जागी येतो, आणि तळहात प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो का? या तिन्ही गोष्टी आधी मुठीच्या आकारावर ठरतात. लाकूड की रबर हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक शस्त्रागणिक बदलते.

धक्का किती असतो

काडतुसातली दारू पेटते आणि तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो. तोच वायू तेवढ्याच जोराने पिस्तुलाला मागे ढकलतो. गोळी हलकी असते म्हणून ती वेगाने जाते, पिस्तूल जड असते म्हणून ते सावकाश मागे येते. दोघांचे वस्तुमान गुणिले वेग सारखेच भरते. नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूचाही या हिशेबात वाटा असतो. या मागे येण्यालाच नेमबाज धक्का किंवा रिकॉईल म्हणतात. गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात पिस्तुलाला वेग मिळून जातो, आणि त्यापुढचे काम हाताचे : मिळालेला वेग थांबवायचा.

चौकट : ढोबळ आकडे

एअर पिस्तूल : अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, वेग सेकंदाला सुमारे 150 मीटर. एक किलोचे पिस्तूल सेकंदाला 10 सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाने मागे येते. हाताला ते जेमतेम जाणवते.

.22 लाँग रायफल काडतूस, 1.1 किलोचे स्पर्धेचे पिस्तूल : 2.6 ग्रॅमची गोळी. पिस्तुलाचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे 0.8 मीटर, ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आत.

.38 स्पेशल, 900 ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर : 10 ग्रॅमची गोळी. रिव्हॉल्व्हरचा मागे येण्याचा वेग सेकंदाला 3 मीटर, ऊर्जा सुमारे 4 ज्यूल.

.44 मॅग्नम, 1350 ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर : 15.6 ग्रॅमची गोळी. रिव्हॉल्व्हरचा मागे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे 6 मीटर, ऊर्जा 24 ज्यूलच्या आसपास.

या आकड्यांवरून पहिला निष्कर्ष निघतो. स्पर्धेच्या .22 पिस्तुलाच्या तुलनेत .44 मॅग्नम हातात साठसत्तर पट ऊर्जा टाकते. या दोन शस्त्रांच्या मुठींनी सोडवायची अडचण मुळातच वेगळी आहे. एका ठिकाणी हात दुखू नये ही काळजी, दुसऱ्या ठिकाणी दुखण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे एकीवरून दुसरीचा निवाडा करता येत नाही.

रबर करते काय

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली बैलगाडी आणि टायरची बैलगाडी एकाच खडबडीत रस्त्याने चालवली, तर दोन्हींना दगड तेच लागतात आणि चढउतारही तेवढेच. तरी टायरच्या गाडीत पाठीचा कणा कमी हादरतो, कारण टायर दबतो आणि दणका क्षणभर लांबवतो. तीच हालचाल जास्त वेळात वाटली गेली, की तिचे टोकाचे शिखर खाली येते. रबरी मूठही हेच करते. दाखल्याची मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. टायरमध्ये हवेचा मोठा फुगा असतो. मुठीवर रबराचा थर काही मिलिमीटरांचा, आणि दाबाखाली तो दबणार फार तर दोनेक मिलिमीटर.

आता हिशेब करू. तळहातावरचा जोर वाढत वाढत 500 न्यूटनपर्यंत गेला असे धरले आणि रबर दोन मिलिमीटर दबले, तर त्यात साठणारी ऊर्जा अर्धा ज्यूल भरते. .44 मॅग्नमच्या 24 ज्यूलपैकी अर्धा. बाकीचे साडेतेवीस ज्यूल मनगट, कोपर आणि खांदा काही सेंटिमीटर मागे-वर जाऊन जिरवतात. म्हणजे ‘रबर धक्का शोषते’ हे विधान ऊर्जेच्या हिशेबात जवळजवळ खोटे ठरते.

तरीही रबरी मूठ हातात घेतलेला माणूस शपथेवर सांगेल की धक्का कमी लागला, आणि त्याचे म्हणणे खरे असते. वेदना एकूण ऊर्जेवर ठरत नाही. ती ठरते कातडीवर आणि हाडावर पहिल्या क्षणी आलेल्या दाबावर, आणि तो दाब किती चिंचोळ्या जागेवर आला यावर. पहिला कडक टोला रबर बोथट करते. शिवाय दबताना ते तळहाताच्या उंचसखल भागाशी जुळवून घेते, त्यामुळे हाडाच्या एका टोकावर येणारा जोर आजूबाजूच्या मांसल भागावर पसरतो. याचा फायदा नेमातही दिसतो, पण आडवाटेने. ज्याचा हात दुखतो त्याला पुढच्या गोळीची धास्ती बसते. तो चाप ओढतानाच मनगट आवळतो, नळीचे तोंड खाली जाते आणि गोळी लक्ष्याखाली लागते. धास्ती गेली की नेम सुधारतो. जड काडतुसाच्या शस्त्रावर रबराची खरी कमाई हीच आहे, आणि ती मोठी आहे.

दोष लाकडाचा की पोलादाचा

लाकडी आणि रबरी मुठींची तुलना करताना एक गोष्ट नेहमी निसटते. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरची मूठ नीट पाहावी. लाकडाच्या दोन फळ्या फक्त दोन्ही बाजूंना स्क्रूने बसवलेल्या असतात. मागे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यात जी जागा टेकते, तिथे सांगाड्याची पोलादी पट्टी उघडी असते. धक्का सरळ मागे येतो तो या बोटभर रुंदीच्या पट्टीतून. लाकूड बाजूला असते, त्या जोराच्या वाटेत ते येतच नाही. पुढच्या बाजूला, चापाच्या कड्यामागे, एक पोकळी असते. धक्क्याबरोबर कड्याची मागची कड तिथे मधल्या बोटाच्या पेरावर आदळते. मग लोक म्हणतात, लाकडी मूठ लागते. लागलेले असते पोलाद.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रबरी मुठी ही मागची पट्टी झाकून टाकतात आणि पुढची पोकळीही भरून काढतात. म्हणजे एका खरेदीत तीन बदल होतात : पदार्थ बदलतो, टेकण्याची जागा रुंदावते, कड्यामागची पोकळी बुजते. श्रेय सगळे रबराला मिळते. पट्टी झाकणारी, पोकळी भरणारी, नीट बेतलेली लाकडी मूठ बसवली तर यातले दोन फायदे लाकडातही मिळतात. .44 मॅग्नमची रिव्हॉल्व्हरे 1950 च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली, तेव्हा त्यांवर मोठ्या लाकडी मुठीच होत्या. आकार मोठा केल्याने काय साधते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

पट्टी झाकण्याची किंमतही मोजावी लागते, आणि ती छोट्या हाताला जास्त पडते. मागच्या बाजूला पाच मिलिमीटर रबर चढले की चाप बोटापासून तेवढाच लांब जातो. योग्य पकडीत नळीची रेषा आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची रेषा एक असते, आणि तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आरामात पोहोचतो. बोट पुरत नसेल तर माणूस नकळत हात बाजूला फिरवतो. मग धक्का बेचक्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो, आणि चाप सरळ मागे न येता तिरका ओढला जातो. मऊ मूठ घेऊनही हात दुखतो तो असा. म्हणून पट्टी उघडी ठेवणाऱ्या रबरी मुठीही बनतात, आणि लहान हाताच्या माणसाला त्याच जास्त सोयीच्या पडतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणाऱ्या .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरसारख्या शस्त्रात काडतूस मुळातच सौम्य असते. तिथे जाड रबर चढवून चाप दूर नेण्यात नफ्यापेक्षा तोटा अधिक.

चिकटून राहणे नेहमी बरे नसते

रबराचा दुसरा गुण म्हणजे त्याची पकड. घामेजल्या हातातही ते सटकत नाही असे मानले जाते. यातही थोडे बारकाईने पाहावे लागते. गुळगुळीत रबर कोरड्या कातडीला चांगले धरते, पण मध्ये पाण्याचा पातळ थर आला की ही पकड झपाट्याने घटते. म्हणून रबरी मुठीवर खवले, ठिपके, बोटांच्या खाचा पाडतात, म्हणजे पाण्याला सरकायला जागा मिळते आणि कडा कातडीत रुततात. लाकडावरही हेच करता येते. आडव्यातिडव्या बारीक खाचांची जाळी किंवा टोचून केलेला खरखरीतपणा घामात उत्तम धरतो. निसटते ते चकचकीत वॉर्निश केलेले लाकूड, आणि दुकानात देखणे दिसते तेही नेमके तेच.

आता उलट बाजू. 1873 साली अमेरिकेच्या लष्कराने स्वीकारलेल्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरची मूठ गुळगुळीत आणि खालपर्यंत गोलाईने वळलेली आहे. गोळी सुटली की हे रिव्हॉल्व्हर तळहातात वरच्या बाजूला फिरते. त्या फिरण्यात धक्का लांबतो, आणि घोडा आपोआप अंगठ्याजवळ येतो. पुढची गोळी झाडायला तो अंगठ्यानेच मागे ओढायचा असतो, त्यामुळे फिरणे ही इथे सोय आहे. अशा मुठीवर घट्ट चिकटणारे रबर चढवले तर फिरणे अडते आणि कातडी ओढली जाते. याच रिव्हॉल्व्हरवर पुढे काळ्या रबराच्या मुठीही आल्या, पण ते रबर वेगळे. चार्ल्स गुडइयरने 1844 साली रबराला गंधकासह तापवून टिकाऊ करण्याचे पेटंट घेतले. त्याचा भाऊ नेल्सन याने 1851 साली भरपूर गंधक घालून कडक रबर बनवण्याचे पेटंट मिळवले. ते एबोनाइट हाताला शिंगासारखे कडक लागते. नाव रबराचे, वागणूक लाकडाची. नावावरून मुठीचा गुण ठरवू नये, याला याहून चांगला पुरावा नको.

अंगावर कपड्याखाली शस्त्र बाळगणाऱ्याला आणखी एक त्रास होतो. हाताला धरणारे रबर सदऱ्याच्या कापडालाही धरते, कापड मुठीवर गोळा होते आणि शस्त्र बाहेर डोकावते. छोट्या, लपवून बाळगायच्या रिव्हॉल्व्हरवर गुळगुळीत लाकूड अजून टिकून आहे त्यामागे हे साधे कारण आहे.

नेमबाजाला मऊपणा का नको

आता ऑलिंपिकच्या लाकडाकडे येऊ. महिलांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात साठ गोळ्यांपैकी अर्ध्या शांतपणे झाडायच्या असतात आणि अर्ध्या जलद. जलद टप्प्यात हात 45 अंश खाली ठेवून उभे राहायचे, लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुले होते, तेवढ्यात हात वर आणून एकच गोळी झाडायची, सात सेकंद थांबायचे, पुन्हा तेच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता-पालेम्बंग आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तीन सेकंदांत हात वर येताना पुढची आणि मागची माशी, म्हणजे नेम धरण्याच्या खुणा, डोळ्यांसमोर आधीच एका रेषेत असावी लागते. ती जुळवत बसायला वेळ नसतो. हे साधते तेव्हाच, जेव्हा मूठ हातात रोज, प्रत्येक गोळीला, अगदी त्याच जागी बसते.

चूक किती महाग पडते ते पाहा. या पिस्तुलाच्या दोन माश्यांमधले अंतर साधारण 220 मिलिमीटर. पुढची माशी मागचीच्या तुलनेत 0.2 मिलिमीटर सरकली, तर 25 मीटरवर गोळी जवळपास 23 मिलिमीटर बाजूला जाते. शांत टप्प्याच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाची त्रिज्या 25 मिलिमीटर. म्हणजे दोन दशांश मिलिमीटर ढळले की मधोमध जाणारी गोळी दहाच्या काठावर जाऊन बसते. नियमानुसार या पिस्तुलाचा चाप किमान एक किलोच्या ओढीचा असावा लागतो. तेवढ्या ओढीखाली दबणारी मूठ असेल, तर पिस्तूल हातात तेवढेच वळते, आणि प्रत्येक वेळी वेगळे वळते. धक्का जवळजवळ नाहीच, तेव्हा रबराचा मुख्य फायदा इथे लागू होत नाही, आणि त्याचा दबण्याचा गुणच दोष ठरतो.

दुसरे कारण कारागिरीचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक वजनाचे. मूठ विकत मिळते ती सरासरी हाताची. ती आपली करायला नेमबाज तळहाताला रंगीत पूड लावून मूठ धरतात. जिथे रंग गडद उमटला तिथे दाब जास्त, तिथले लाकूड कानसीने उतरवायचे. जिथे रंगच लागला नाही तिथे पोकळी, ती लाकडाच्या लांबीने (पुट्टीने) भरायची, सुकू द्यायची, सँडपेपर मारायचा, पुन्हा धरून पाहायचे. करंगळीच्या खालच्या टेकूची फळी वरखाली सरकवता येते. नियमानुसार हा टेकू किमान 90 अंशांत असावा लागतो, तो वर वळून हाताला वेढू शकत नाही आणि मनगट मोकळे राहिले पाहिजे. त्या मर्यादेत बाकी सगळे हाताच्या मापाने घडवता येते. रबराला हे जमत नाही. कानस लावली की ते कापले जाण्याऐवजी दबते, मग फाटते, आणि लांबी त्यावर नीट धरत नाही.

लाकडाचा दोष ओलीचा. अक्रोडाच्या लाकडातली ओल एका टक्क्याने वाढली, तर ते शिरांच्या आडव्या दिशेने जास्तीत जास्त सुमारे पाव टक्का फुगते. कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल चारेक टक्क्यांनी वाढली, तर तीस मिलिमीटरच्या जाडीत हा फरक 0.3 मिलिमीटरपर्यंत जातो, आणि वर पाहिलेल्या हिशेबात ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तेल मुरवून, पातळ थरांचे चिकटवलेले लाकूड वापरून हे बरेच आटोक्यात येते. रबर पाण्याला दाद देत नाही, पण ते हवेतल्या ओझोनने भेगाळते, आणि नैसर्गिक रबराची मूठ शस्त्राचे तेल लागत राहिले की फुगून चिकट होते. देखभाल दोन्हींना लागते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा : आकारच महत्त्वाचा असेल, तर अमेरिकेत रबरी मुठींनी लाकडाला इतके मागे कसे टाकले? 1990 च्या दशकात स्मिथ अँड वेसनने आपल्या अनेक रिव्हॉल्व्हरवर कारखान्यातूनच रबरी मुठी द्यायला सुरुवात केली, हे खरे आहे. पण त्यात साच्यातून एकसारखा माल स्वस्तात निघण्याचाही वाटा आहे. शिवाय जी मूठ हजारो अनोळखी हातांना चालवायची असते, तिथे दबून जुळवून घेणारा पदार्थ चुका झाकतो. हाताचे माप माहीत नसताना रबर हा शहाणपणाचा पर्याय आहे. माप माहीत असेल तर तेवढी गरज उरत नाही. पोलिसांच्या आणि लष्कराच्या हाती आज जी पिस्तुले आहेत त्यांतल्या अनेकांची मूठ हा सांगाड्याचाच भाग असतो, कडक प्लास्टिकचा. ग्लॉकने 2010 पासून आपल्या पिस्तुलांबरोबर वेगवेगळ्या जाडीच्या मागच्या पट्ट्या द्यायला सुरुवात केली, त्या मऊपणासाठी नव्हत्या. हात लहानमोठे असतात म्हणून त्या दिल्या.

दुसरा आक्षेप जास्त ताकदीचा आहे. आता हाताची त्रिमितीय प्रतिमा घेऊन छापलेल्या नायलॉनच्या मुठी स्पर्धांतही दिसतात. मग लाकडाचे महत्त्व राहिले कुठे? ते राहिले नसेल तरी चालेल. या मुठी कडक आहेत, हाताच्या मापाच्या आहेत आणि ओलीने अक्रोडाइतक्या हलत नाहीत. लाकडाचे काम त्या अधिक चांगले करत असतील तर त्यांनी लाकडाची जागा जरूर घ्यावी. अडचण एकच उरते. मोकळ्या हाताची प्रतिमा आणि पिस्तूल धरून चाप ओढणाऱ्या हाताचा आकार एक नसतो. बोटे आवळली की अंगठ्याखालचा मांसल उंचवटा फुगतो आणि तळव्याचा मधला भाग खोल जातो. त्यामुळे छापलेली मूठ हाती आल्यावरही ती कुठे रुतते आणि कुठे टेकत नाही हे हातात धरूनच शोधावे लागते. नेमबाज पुन्हा कानस आणि लांबी घेऊन बसतो, आणि कडक नायलॉन त्याला ते करू देते.